ब्राझीलच्या टोपणनावांचा तो मेसेज आणि पेलेचा ठोसा

वर्ल्डकप आला की कोल्हापुरात दोन गोष्टी हमखास उगवतात. पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक, आणि मोबाइलवर ब्राझीलच्या टोपणनावांचा मेसेज. फलक निदान स्पर्धा संपल्यावर उतरतात. मेसेज काही उतरत नाही. परवा तो पुन्हा आला, तोही आमच्या आतेभावाकडून. लहानपणी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसवून ज्यानं मला ऑफसाइड समजावला, तोच हा दादा. त्यामुळे नुसता अंगठा दाखवून सोडून देणं जमेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल (असे कुणी असतील असं वाटत नाही), त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: ब्राझीलमध्ये प्रत्येक फुटबॉलपटूला टोपणनाव असतं. कारण खरी नावं इतकी लांब की जर्सीवर मावत नाहीत. खेळाडूचं कसब बघून लोक प्रेमानं नाव ठेवतात. पेले म्हणजे चमत्कार, सॉक्रेटिस म्हणजे हुशार. तिथे काळा-गोरा, गरीब-श्रीमंत असला भेद नाही, म्हणून सगळे एकमेकांना लाडाच्या नावानं हाक मारतात. ही पद्धत जगात फक्त ब्राझीलमध्ये. पण युरोपच्या पैशानं आता तीही संपवली. खाली पिवळं हृदय, हिरवं हृदय.

आधीच सांगून ठेवतो, मी ब्राझीलवालाच आहे. गॅलरीत पिवळा झेंडा लावणाऱ्यांतला. म्हणूनच हे जास्त टोचतं.

"प्रत्येक फुटबॉलपटूला टोपणनाव असतं."

हे मोजून बघता येतं आणि मोजायला फार कष्टही नाहीत. वर्ल्डकप जिंकलेले चार फायनलचे संघ घ्या. 1958, स्टॉकहोम, स्वीडनविरुद्ध 5-2. गोलमध्ये गिल्मार, मागे जाल्मा सांतोस, बेलिनी, ऑर्लांडो, निल्टन सांतोस. मध्ये झिटो आणि डिडी. पुढे गारिंचा, वावा, पेले, झागालो. यातले झिटो, डिडी, गारिंचा, वावा आणि पेले हे पाच जण टोपणनावाचे. उरलेले सहा आपापल्या नावानं नाहीतर आडनावानं खेळले. म्हणजे ज्या संघावरून ही सगळी दंतकथा सुरू होते, त्या संघातही टोपणनाववाले निम्म्याहून कमी.

1970, मेक्सिको, इटलीविरुद्ध 4-1. जगातला सगळ्यात देखणा संघ म्हणून ज्याच्याकडे अजून बोट दाखवतात तो. फेलिक्स, कार्लोस अल्बर्टो, ब्रिटो, पियाझा, एव्हराल्डो, क्लोडोआल्डो, जेर्सन, जाइरझिन्हो, टोस्टाओ, पेले, रिव्हेलिनो. खरी टोपणनावं दोनच, टोस्टाओ आणि पेले. जाइरझिन्हो म्हणजे छोटा जाइर, त्याला धरलं तर तीन. रिव्हेलिनो ऐकायला कितीही गोड लागलं तरी ते त्याच्या इटालियन पूर्वजांकडून आलेलं साधं आडनाव.

2002, योकोहामा. काफू, रोनाल्डिन्हो, आणि ताणून धरायचंच तर लुसिमारचा लुसियो झालेला तो. बाकी रिवाल्डो हे पाळण्यातलं नाव, रोनाल्डो पाळण्यातलं, रोबेर्टो कार्लोस पाळण्यातलं.

गंमत आहे ती 1994 च्या संघाची. ज्या संघाला ब्राझीलचेच लोक रटाळ, युरोपियन छापाचा म्हणून नाकं मुरडत होते, त्या संघात टोपणनावांचं पीक आलं होतं. जॉर्जिन्हो, ब्रांको, डुंगा, माझिन्हो, झिन्हो, बेबेटो. अकरातले सहा! त्यातला 'झिन्हो' तर 'छोटा' या अर्थाचा निव्वळ प्रत्यय. नाव गळून पडलं, शेपूट तेवढं राहिलं. टोपणनाव म्हणजे सांबा, टोपणनाव म्हणजे मुक्त खेळ, असं म्हणणाऱ्यांनी 1970 चे तीन आणि 1994 चे सहा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

"नावं लांब असतात म्हणून."

पेलेचं खरं नाव एडसन आरांतेस दो नासिमेंतो. लांब आहे, मान्य. पण हाक मारायला कुणी पूर्ण नाव घेत नाही. 'एडसन' लांब आहे का? कार्लोस काएतानो ब्लेडोर्न व्हेरी याला 'कार्लोस' म्हणून भागलं असतं, त्याचा 'डुंगा' झाला. आणि जर्सीचं म्हणाल, तर 1958 आणि 1970 च्या जर्सीवर नाव नव्हतंच, नुसता आकडा होता. वर्ल्डकपमध्ये पाठीवर नावं आली 1994 साली. तोवर पेले खेळून, निवृत्त होऊन पांढरे केस काळे करायच्या वयाला आला होता.

शिवाय कितीतरी टोपणनावं मूळ नावापेक्षा लांब आहेत. ओस्वाल्डोचा झाला जुनिन्हो पावलिस्ता. अँटोनियोचा झाला जुनिन्हो पर्नांबुकानो. रोनाल्डोचा झाला रोनाल्डिन्हो गाउशो. ही कसली काटकसर?

इथे खरं कारण दडलंय. ब्राझीलमध्ये आडनावानं माणूस ओळखू येत नाही. सिल्वा, सांतोस, सोझा, ऑलिव्हेरा यांची इतकी गर्दी आहे की मैदानावर "सिल्वा, पास दे" म्हटलं तर चौघे वळतील. म्हणून पहिलं नाव वापरायचं. पहिल्या नावाचेही दोघे निघाले, की मग एकाला काहीतरी जोडायचं. 1994 च्या चमूत दोन रोनाल्डो होते. धिप्पाड बचावपटू तो रोनाल्डाओ, म्हणजे मोठा रोनाल्डो. सतरा वर्षांचं पोरगं ते रोनाल्डिन्हो, छोटा रोनाल्डो. हेच पोरगं पुढे जगप्रसिद्ध रोनाल्डो झालं, पण 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच्या पाठीवर 'रोनाल्डिन्हो' लिहिलेलं होतं, कारण तिथेही दुसरा एक रोनाल्डो वयानं मोठा होता. मग 1999 मध्ये पोर्टो अलेग्रेचा रोनाल्डो दि असिस मोरेरा राष्ट्रीय संघात आला. आता छोट्याहून छोटा कसा म्हणायचा? तर तो झाला रोनाल्डिन्हो गाउशो. गाउशो म्हणजे दक्षिणेच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातला. आणि आधीचा छोटा बढती मिळून साधा रोनाल्डो झाला.

शाळेत एका वर्गात तीन सचिन होते त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोठा सच्या, बारका सच्या आणि तिसरा आला की गावाचं नाव. कागलचा सच्या.

"कसब बघून लोक प्रेमानं नाव ठेवतात."

हे सगळ्यात गोड वाक्य आणि सगळ्यात पोकळ. बहुतेक नावं फुटबॉलला पाय लागायच्या आधीची, घरातली, नाहीतर चुकून पडलेली. काका हा रिकार्डो. धाकट्या भावाच्या जिभेला रिकार्डो वळेना, तो 'काका' म्हणायला लागला. (आपल्याकडे हा खेळाडू 2002 पासून हळूहळू लाडका झाला, पण नावामुळे पंचाईत. "काकानं गोल मारला" म्हटलं की आमची आजी दाराकडे बघायची.) पाटो म्हणजे बदक, पण अलेक्झांद्रे पाटो बदकासारखा चालतो म्हणून ते पडलेलं नाही. तो पाटो ब्रांको नावाच्या गावचा. पाकेता हे रिओच्या खाडीतलं बेट, लुकास पाकेता तिथला. कासेमिरोचं आडनाव खरं तर कासिमिरो. जर्सीवर छापताना 'सि'चा 'से' झाला, सामना चांगला गेला, पठ्ठ्यानं चूक तशीच ठेवली. प्रशिक्षक टिटे याचं नाव आडेनोर. स्कोलारी या प्रशिक्षकानं त्याला कोवळ्या वयात हेरलं तेव्हा दुसऱ्याच एका पोराच्या नावाशी गल्लत केली, आणि आडेनोर जन्माचा टिटे झाला. दुसऱ्याचं नाव! यात कसब कुठलं आणि प्रेम कुठलं?

डुंगाचं तर ऐका. 'हिमगौरी आणि सात बुटके' मधला तो मोठ्या कानांचा, मुका, भाबडा बुटका आठवतो? पोर्तुगीजमध्ये त्याचं नाव डुंगा. हे पोर वाढणार नाही, बुटकंच राहणार असं मामा-काकांपैकी कुणाला तरी वाटलं आणि नाव चिकटलं. पोर चांगलं वाढलं, 1994 ला कप्तान म्हणून कप उचलला, दोनदा राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. वर्तमानपत्रांत मथळे मात्र त्या बुटक्याच्याच नावानं. टोस्टाओ म्हणजे बारकं नाणं, आपल्याकडचा ढब्बू पैसा म्हणा. मोठ्या पोरांत खेळणारं छोटं पोर म्हणून ते पडलं. पुढे डोळ्याच्या पडद्याच्या दुखण्यानं त्याचा खेळ सुटला, तो शिकून डॉक्टर झाला, वर्तमानपत्रात सदर लिहू लागला. सदरावर नाव? टोस्टाओ.

आणि आता पेले, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

पेले जन्मला 1940 साली, मिनास जेराइस राज्यातल्या त्रेस कोरासोएस गावी. गावात तेव्हा नुकती वीज आली होती, म्हणून बापानं थॉमस एडिसनच्या नावावरून एडसन ठेवलं. घरात त्याला डिको म्हणत. बाप दोंदिन्हो (हेही टोपणनावच) फुटबॉल खेळायचा, आणि त्याच्या एका संघात बिले नावाचा गोलरक्षक होता. पोराला तो भारी आवडे. स्वतः गोलमध्ये उभं राहून चेंडू अडवला की ते बिलेच्या नावानं ओरडायचं, पण बोबड्या जिभेनं त्याचं भलतंच काही व्हायचं. त्या भलत्याचं शाळेत झालं 'पेले'. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या गोल करणाऱ्याचं नाव हे एका गोल अडवणाऱ्याच्या नावाचा अपभ्रंश. त्याला स्वतःला ते अजिबात आवडत नव्हतं. एडिसनचं भारदस्त नाव सोडून हे काय, असं वाटायचं. वर्गातल्या एकानं चिडवलं तेव्हा त्यानं त्याला ठोसा मारला आणि दोन दिवस शाळेतून निलंबित झाला. ठोशाचा परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको. चिडतोय म्हटल्यावर सगळी शाळा पेले पेले करायला लागली. हे सगळं त्यानं स्वतः मोठेपणी सांगितलेलं आहे. आपलं नाव काय असावं हे आपल्या हातात नाही, हे त्याला तेव्हा कळलं. पुढे त्याला ते आवडू लागलं, पण पुढे. आणि तरीही म्हातारपणापर्यंत तो एडसन आणि पेले ही दोन वेगळी माणसं असल्यासारखं बोलायचा.

आमच्या तालमीच्या संघात एक उजवा विंगर होता, त्याला सगळे 'काळ्या' म्हणत. त्याला कुणी कधी विचारलं नाही, मीही नाही. तो वळायचा, हसायचा, पास द्यायचा. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा निम्म्या संघानं ती उलटून पालटून बघितली. हा कोण? मेसेजमधलं 'प्रेमानं' वाचलं की मला ती पत्रिका आठवते. प्रेम नव्हतं असं नाही. पण ते आमच्या बाजूचं होतं.

झिकोचं मात्र खरंच लाडाचं. आर्थरचा आर्थुरझिन्हो, त्याचा आर्थुरझिको, त्याचा तुझिको, आणि एर्मेलिंडा नावाच्या एका बहिणीनं तोही छाटून ठेवला झिको. हा माणूस पुढे 2014 ते 2016 गोव्याच्या संघाचा प्रशिक्षक होता. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये त्याच्या नावाचा गजर ऐकायला कोल्हापूरहून गाड्या करून गेलेली माणसं मला माहीत आहेत. आर्थर अंतुनेस कोइंब्रा कोण म्हणून विचारलं असतं तर त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

"पेले म्हणजे चमत्कार, सॉक्रेटिस म्हणजे हुशार."

हिब्रूमध्ये 'पेले' या उच्चाराचा चमत्काराशी संबंधित शब्द आहे. मिनास जेराइसमधल्या शाळकरी पोरांना हिब्रू येत होतं हे सिद्ध करा, मग बोलू. सॉक्रेटिस हे टोपणनावच नव्हे. वाचनवेड्या बापानं पोरांची नावं सॉक्रेटिस, सोफोक्लीस, सोस्टेनिस अशी ठेवली. धाकट्या राईच्या वेळेपर्यंत ग्रीक आवरतं घेतलं. 'डॉक्टर' हे सॉक्रेटिसचं टोपणनाव, आणि तेही निम्मंच टोपणनाव, कारण तो खरोखर वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टर होता.

"तिथे काळा-गोरा, गरीब-श्रीमंत भेद नाही."

इथे हसू थांबतं.

1923 साली रिओची स्पर्धा वास्को द गामा क्लबनं जिंकली. संघात काळे, मिश्रवर्णी आणि गरीब गोरे. पुढच्याच वर्षी शहरातल्या बड्या क्लबांनी वेगळी लीग काढली, खेळाडूंचा धंदा काय, लिहिता-वाचता येतं का याच्या चौकश्या लावल्या, आणि वास्कोला सांगितलं, आत यायचं तर तुमचे बारा खेळाडू काढा. वास्कोच्या अध्यक्षानं 7 एप्रिल 1924 ला पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र क्लब आजही अभिमानानं मिरवतो. मला या प्रकरणात लक्षात राहते ती लिहिता-वाचता येण्याची अट. हाकेला टोपणनाव चालतं, कागदाला चालत नाही. कागद पुढे आला की तिथे पूर्ण नाव आणि सही लागते, आणि नेमकं त्याच कागदावर गरिबाला अडवता येतं. टोपणनाव समतेचं लक्षण असतं, तर हे बारा जण कशाला बाहेर काढायचे होते?

रंगावरून पडलेल्या नावांची तर रांग आहे. 1938 च्या वर्ल्डकपमध्ये सात गोल करून पहिला आलेला लिओनिदास, 'काळा हिरा'. त्या नावाचं चॉकलेट ब्राझीलमध्ये अजून विकलं जातं. महिला संघाची प्रेटिन्हा, शब्दशः 'काळुंद्री'. आणि ग्राफिटे. एडिनाल्डो बातिस्ता लिबानियो हा त्याचा कागदावरचा धनी, पण सगळे म्हणतात ग्राफिटे, पेन्सिलीतलं शिसं. 13 एप्रिल 2005 ला साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियममध्ये अर्जेंटिनाच्या किल्मेस संघाशी सामना चालू असताना लिआंद्रो देसाबातो यानं आपल्याला रंगावरून शिवी दिली अशी ग्राफिटेनं तक्रार केली. सामना संपताच पोलिसांनी देसाबातोला मैदानावरूनच उचललं, आणि जामीन मिळेपर्यंत तो कोठडीत होता. दोन्ही देशांत हल्लकल्लोळ झाला.

आता बघा. ज्याला रंगावरून डिवचलं म्हणून परदेशी खेळाडूला अटक होते, त्याला त्याचाच देश रोज, समालोचनात, मथळ्यात, पाठीवर छापून रंगाच्याच नावानं हाक मारतो. ब्राझीलचे लोक यावर म्हणतील की दोन्हीत फरक आहे. आणि फरक आहेच. 'नेगो', 'नेगा' हे शब्द तिथे नवरा-बायको, मायलेकरं एकमेकांना लाडानं म्हणतात, समोरचा गोरा असला तरी. तोच शब्द फाटकाच्या बाहेरून आला की शिवी. शब्द तोच, उंबरठा वेगळा. हे आपल्याला कळायला अवघड नाही. पण मग 'भेद नाही' म्हणू नये. भेद आहे म्हणून तर उंबरठा आहे.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो. फ्लामेंगो हा रिओचा सगळ्यात मोठ्या गर्दीचा क्लब, पाठीराख्यांत गरीब आणि काळे जास्त. विरोधक त्यांना 'उरुबू' म्हणून खिजवायचे. उरुबू म्हणजे काळं गिधाड. 1969 मध्ये माराकानावर बोटाफोगोशी सामना होता. फ्लामेंगोच्या काही पोरांनी कुठून तरी एक खरंखुरं गिधाड पकडून आणलं, त्याच्या पायाला क्लबचा झेंडा बांधला आणि स्टँडमधून सोडून दिलं. ते फडफडत मैदानावर उतरलं. आधी क्षणभर चिडीचूप, मग अख्खं स्टेडियम "उरुबू, उरुबू" करायला लागलं, आणि ओरडणारे होते फ्लामेंगोवालेच. सामना 2-1 जिंकला. तेव्हापासून गिधाड हेच क्लबचं मानचिन्ह. शिवीच गळ्यातला ताईत झाली. पण ती गळ्यात कुणी घातली? ज्यांना ती दिली होती त्यांनी. देणाऱ्यांचं त्यात श्रेय शून्य.

फोर्मिगाचंही इथेच सांगून टाकतो, कारण बाईमाणसांच्या फुटबॉलचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. फोर्मिगा म्हणजे मुंगी. मिराइल्डेस मासिएल मोटा, 1978 साली साल्वादोरला जन्मली. तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती. 1941 ला घातलेली ती बंदी 1979 ला उठली. ही पोर पुढे 1995 ते 2019 सात वर्ल्डकप खेळली. सात. खुद्द पेलेनं चार खेळले. मुंगीसारखं न थकता राबायची म्हणून मुंगी. मेसेजमधलं 'कसब बघून' हे वाक्य कुठे खरं ठरत असेल तर ते हिच्यापाशी, आणि तिचंच नाव त्यात नाही.

"ही पद्धत जगात फक्त ब्राझीलमध्ये."

बापू नाडकर्णींचं नाव काय होतं? रमेशचंद्र. 1964 ला मद्रासमध्ये लागोपाठ 21 निर्धाव षटकं टाकली ती धावफलकावर आर. जी. नाडकर्णी यांनी आणि लोकांच्या तोंडी बापूंनी. चंदू बोर्डे हे चंद्रकांत. टिळकांचं नाव केशव, बाळ ही घरातली हाक, आणि इतिहासात कोण राहिलं ते आपण रोज रस्त्याच्या पाट्यांवर वाचतो. पुरे.

ब्राझीलचं वेगळेपण असलंच तर ते हे, की तिथे हाकेचं नाव कागदावर चढतं. मतपत्रिकेवर उमेदवार टोपणनावानं उभा राहू शकतो. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लुइझ इनासियो दा सिल्वा यांनी 1982 ची निवडणूक लढवताना 'लुला' हे हाकेचं नाव कायद्यानं आपल्या नावात घालून घेतलं. 1998 मध्ये तर कायद्यातच सोय झाली की सर्वांना ठाऊक असलेलं टोपणनाव पहिल्या नावाच्या जागी लावता येईल. भाषेतही हे मुरलंय. पोर्तुगालमध्ये 'आपेलिदो' म्हणजे आडनाव, समुद्र ओलांडून ब्राझीलला गेलात की 'आपेलिदो' म्हणजे टोपणनाव. एकाच शब्दात बाप बदलून मित्र आला. एकबोटे, टकले, ढमढेरे असली आडनावं बघता आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेनं झालेला दिसतो, टोपणनावाचंच आडनाव बनून ते खातेउताऱ्यावर जाऊन बसलं.

"युरोपच्या पैशानं ती आता संपवली."

2022, कतार, सर्बियाविरुद्धचा पहिला सामना. पहिल्या अकरांत मार्किन्हॉस, राफिन्हा, पाकेता. तीन. 1970 मध्येही तीनच होते. हल्क नावाचा माणूस, खरं नाव गिव्हानिल्डो, परदेशातून परत जाऊन 2021 मध्ये आपल्याच देशाच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करून बसला. संपलं म्हणतात ते कुठे?

बदललंय ते वेगळंच. पहिली नावंच आता अशी आहेत की टोपणनावाचं काम उरत नाही. रिचार्लिसन किती असणार? एंड्रिक किती? 'वाय' लावलेला रोड्रिगो किती? ब्रेमरचं नाव बापानं जर्मन खेळाडू आंद्रेआस ब्रेमेवरून ठेवलं. वर्गात एकच ब्रेमर असेल तर त्याला बारका ब्रेमर कोण म्हणेल?

हे सगळं लिहून मी दादाला पाठवलं. पाऊण तासानं उत्तर आलं: "एवढं वाचायला येळ कुणाला हाय? झिकोचं तेवढं खरं हाय न्हवं?"

म्हटलं, खरं आहे. बहिणीनं ठेवलं.

"सख्ख्या?"

नाही.

"मग कसल्या? आते, मामे, चुलत का मावस?"

पोर्तुगीजमध्ये चौघींना मिळून एकच शब्द आहे, प्रिमा. ते त्याला पटलं नाही. असा कसा देश, म्हणाला.